राबाची शिस्त

भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजावा तर चांदीप गावच्या हिरामणनेच! भोवतीचं गवत खरवडून, वाऱ्याची दिशा बघून त्यानं राब पेटवला आणि शेवटचा निखाराही पाणी ओतून विझवला. शेजारच्या नथूच्या राबात मात्र निखारे धुमसतच होते.

हिरामण गरजला, "नथ्या, गाव जालशील! पानी वत!"

मग घरी येऊन तो ऐटीत पाटावर बसला. "वाढ गो."

"काय वाढू? चूल थंड हाय," बायको म्हणाली. "लढाईपायी काड्याची पेटी कुठं मिलत नाय, नि चुलीतला विस्तव तुमीच नेला राब पेटवायला."

हिरामण करवंटी घेऊन गुपचूप नथूच्या बांधावर आला.

नथूनं वरही पाहिलं नाही. "घे दादा. तुज्यासाठीच इझवला नाय."