रोज तेच

पडद्यावर दोनच वाक्यं होती. 'हे खातं माणूस नव्हे, यंत्र चालवत असल्याचा संशय आल्याने ते बंद करण्यात आलं आहे. हरकत असल्यास आज संध्याकाळी सहाच्या आत कळवा, अन्यथा सगळा मजकूर कायमचा पुसला जाईल.'

थोरलीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग फोन तसाच हातात धरून ती आईच्या खाटेपाशी आली.

"आई, मला यंत्र म्हणतायत."

आई उशांना टेकून ताठ बसली होती. तिला ताठच बसवावं लागे. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ जड झाली होती, धार मात्र गेली नव्हती. एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "यंत्र असतीस… तर काल सुपात मीठ विसरली नसतीस."

थोरलीला हसू आलं, आणि त्यातच डोळे भरले.

आता नळीनेच भरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ती मनाशी नवस बोलली होती. आईच्या तोंडात घास जाईल त्या प्रत्येक दिवशी ते चारचौघांत सांगेन, देवाचे आभार उघड मानेन. घराबाहेर पडायची सोय नाही, मग चारचौघं आणायची कुठून? धाकट्या बहिणीने ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या एका संकेतस्थळावर तिला एक पान उघडून दिलं. दोनशे त्रेचाळीस दिवस त्या पानावर एकच ओळ पडत होती : 'आज आई जेवली. देवा, आभार.' वाचणारे मोजून अकरा.

तिने धाकटीला फोन लावला.

"अगं ताई, रोज तीच ओळ, रोज एक वाजता! मलासुद्धा संशय आला असता."

"तिचं जेवण एकला आटोपतं. मी काय करू?"

"शब्द बदल ना जरा. एक दिवस 'आईने सूप घेतलं', एक दिवस 'आईला भूक लागली'. यापुढे वेगवेगळं लिहीन असं कळव त्यांना, मिटलं."

"बोललेले शब्द आहेत ते. बदलायचे कसे?"

"देव काय शब्द मोजत बसलाय?"

"तो नाही गं मोजत. मी मोजते."

पलीकडे धाकटीने सुस्कारा सोडला. "तुझ्यापुढे हात टेकले बाई. निदान हरकत तरी लिही. सहाच्या आत."

साडेबाराला तिने सूप आणलं. पातळ काही दिलं की आईला ठसका लागे, म्हणून दाटसर. एक चमचा, हनुवटी खाली, दोन बोटं गळ्यावर. बोटांखाली कंठ वर जाऊन खाली आला की पुढचा चमचा. सतरा चमचे झाले. आईचे ओठ टिपून तिने सवयीने फोन उचलला, आणि कुलपाचं चित्र पाहून परत ठेवला.

"मोठ्याने म्हण," आई म्हणाली. "चारांतली… एक मी."

"आज आई जेवली. देवा, आभार."

दोनशे त्रेचाळीस वेळा लिहिलेलं ते वाक्य तिने स्वतःच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकलं. फारच छोटं वाटलं.

हरकतीच्या चौकटीत तीनशेच अक्षरं मावत होती. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पावणेसहाला पाठवलं ते असं :

'मी यंत्र नाही, आईची थोरली मुलगी आहे. रोज तेच लिहिते, कारण रोज तेच घडतं. उद्याही तेच घडावं एवढंच मागणं आहे. शब्द बदलता येणार नाहीत, ते देवापुढे बोललेले आहेत. आई म्हणते, यंत्र असते तर सुपात मीठ विसरले नसते.'

सहा वाजले. फोनने काही म्हटलं नाही. पान गेलं तर गेलं, पण आजचा दिवस सुटला, हे तिच्या मनातून रात्रभर हललं नाही.

सकाळी आईचे केस विंचरत असताना उत्तर आलं. 'आपली हरकत माणसाने तपासली आहे. खातं यंत्राचं नाही. सर्व मजकूर पूर्ववत ठेवला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' इथवर सगळं छापील. त्याखाली एक ओळ होती, घाईत लिहिल्यासारखी, शेवटचं चिन्हसुद्धा न दिलेली :

'काल कुलूप आमच्याकडून लागलं म्हणून विचारते, काल आई जेवल्या का'

आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत : 'या संदेशाला उत्तर देता येणार नाही.'

थोरली खाटेच्या कडेवर बसली. कुठल्याशा खोलीत कुणीतरी बाई. तिच्यापुढे दिवसभर काय काय येत असेल, कसली कसली घाण निवडावी लागत असेल. त्यातून तिने एक दिवस राहून गेलेला पाहिला. थोरलीने फोन मांडीवर ठेवून त्याला हात जोडले.

"कोण गं?" आईने विचारलं.

"ओळखत नाही मी. तुझं जेवण विचारतेय."

"मग सांग की… तिला."

एक वाजता थोरलीने पान उघडलं. बराच वेळ बोट अधांतरी राहिलं. मग पहिल्यांदाच तिने शब्द बदलले, आणि आईला वाचून दाखवले :

'काल आई जेवली. आजही जेवली. देवा, आभार. विचारणारीचेही.'

आईने डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडला.

"आज मीठ… बरोबर होतं," ती म्हणाली. "तेही घाल."