बेसिनवरचं सनस्क्रीन

"ही तुझी का गं?"

गोदावरीबाई बेसिनवरची ट्यूब दोन बोटांत धरून बाहेर आल्या. रविवारच्या साखरपुड्याची खरेदी करून त्यांचा मुलगा अनीश आणि होणारी सून श्रावणी नुकतेच नवी पेठेतून परतले होते. हातपाय धुऊन दोघंही पंख्याखाली बसले होते. एप्रिलचं ऊन, अनीश अजून रुमालानं घाम टिपत होता.

श्रावणीनं ट्यूबकडे पाहिलं, मग अनीशकडे. "हो काकू, माझीच. सनस्क्रीन आहे."

तिनं हात पुढं केला, पण तोवर गोदावरीबाईंनी चष्मा चढवला होता. "असू दे, वाचून देते," म्हणाल्या आणि दिली नाही ती नाहीच.

खरं तर मुलगी अगदी मनासारखी मिळाली होती. गोरीपान, शिकलेली, बोलायला गोड. अनीश आईच्या रंगावर गेलेला, श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट, महिना महिना घराकडे न फिरकणारा. अशा मुलाला अशी मुलगी एका भेटीत होकार देते, हेच गोदावरीबाईंना पचत नव्हतं. सगळं इतकं सरळ होतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हा त्यांचा जन्माचा ठोकताळा.

दोघं गेल्यावर त्यांनी ट्यूब पिळली. मलम पांढरं असेल असं वाटलं होतं, निघालं चहाच्या रंगाचं. हातावर चोळलं, तर तव्यानं पोळल्याचा जुना डाग दिसेनासा झाला. ऊन अडवायचं, तर डाग कशाला झाकायचा? त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

सकाळी त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. दुकानदार चनबसप्पानं ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली.

"लई चांगली वस्तू हाय की वहिनी. एसपीएफ पन्नास. पीएच्या पुढं चार अधिक, म्हंजे पोळणंबी थांबतं आन् काळवंडणंबी. झिंक ऑक्साइड हाय, ते किरणं अडवतंय. वास घातलेला न्हाय, म्हणून नाजूक कातडीला चुरचुरत न्हाय."

"आणि हा रंग?"

"आयर्न ऑक्साइडचा. कातडीत मिसळून जातोय."

"गोरं करतं?"

"न्हाय की."

"वास नाही, गोरंही करत नाही. मग लावतं कोण हे?"

"कुणीबी लावतंय. वांग असलेले लावतात. कोड असलं तरी डॉक्टर हेच लिहून देतात. पांढऱ्या डागाला ऊन सोसत न्हाय, आन् झाकलंबी जातंय. तसं कोड काय एकाचं दुसऱ्याला लागत न्हाय वहिनी, तुमी उगीच..."

पुढचं गोदावरीबाईंनी ऐकलंच नाही.

शुक्रवारी बांगड्यांच्या मापाचं निमित्त काढून त्यांनी श्रावणीला एकटीलाच बोलावलं. ती येऊन टेकते न टेकते तोच म्हणाल्या, "उन्हातून आलीस. जा, साबणानं तोंड धू स्वच्छ."

श्रावणी तोंड धुऊन आली. कपाळ, गाल, हनुवटी, कुठं म्हणून काही नाही. दुसरी कुणी असती तर खजील झाली असती. गोदावरीबाईंचा संशय मात्र गालावरून गळ्यावर उतरला आणि गळ्यावरून पाठीवर. संशयाला काय, बसायला जागा कुठंही मिळते.

"स्पष्टच विचारते. तुला कोड आहे का गं?"

श्रावणीचा चेहरा उतरला. तिनं समोरच्या बांगड्या बाजूला सारल्या. मग हळूच म्हणाली, "असतं तर?"

"तर या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. डागाचं माणूस नको आम्हाला."

"काकू, मनापासून बोलताय?"

"अगदी मनापासून."

श्रावणीचे डोळे भरून आले. तिनं पर्स उचलली. "मला काय वाटेल ते बोला. पण हे शब्द अनीशच्या कानावर घालू नका. एवढं ऐका माझं."

"का? त्याला अंधारात ठेवायचंय?"

ती काही न बोलता निघून गेली.

गप्प बसली म्हणजे कबूलच की! गोदावरीबाईंनी लगेच तिच्या आईला फोन लावला आणि साखरपुडा मोडला. ती माउली रडवेली होऊन कारण विचारत राहिली. "लेकीलाच विचारा," म्हणून यांनी फोन ठेवला. वाईट वाटलं, मुलगी आवडली होती. पण पोटचा पोर फसता फसता वाचला, हे समाधान मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनीश श्रीपूरहून आला. गोदावरीबाईंनी त्याला सगळं सांगितलं, मेडिकलपासून फोनपर्यंत, श्रावणीला काय सुनावलं तेही शब्दन् शब्द. ऐकून झाल्यावर तो उठला आणि बेसिनपाशी गेला. बराच वेळ नळ वाहत होता.

तोंड न पुसताच तो बाहेर आला आणि खिडकीच्या उजेडात आईसमोर उभा राहिला. कानाखालून हनुवटीपर्यंत पांढरा पट्टा लख्ख दिसत होता.

"तिला पहिल्याच भेटीत दाखवला होता, आई," तो म्हणाला. "तरी ती हो म्हणाली होती."