पूर्ण एक मिनिट

"नाडी बघायला एवढा वेळ लागतो का गं? की कॉलेजात मोजायलाच शिकवलं नाही?" उशांना टेकून बसलेल्या मॅट्रनबाईंनी विचारले.

त्यांचे मनगट धरून उभी असलेली नर्स पोरगी घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नावापुढे पदवीची अक्षरे होती, आणि निवृत्त मॅट्रनबाईंनी ती सकाळीच चष्मा लावून वाचून घेतली होती. काटा फिरून जागेवर आला, तेव्हा तिने मनगट सोडले.

"नाडी केव्हाच झाली, आजी. मी श्वास मोजत होते. सांगून मोजलं की माणसं शहाण्यासारखी श्वास घ्यायला लागतात."

"श्वास ना? वीस लिही आणि मोकळी हो. छत्तीस वर्षं माझ्या वॉर्डात प्रत्येकाचा श्वास वीसच होता."

"गेलेल्यांचासुद्धा, आई?" खिडकीपाशी टॉवेलांच्या घड्या घालत असलेल्या सुनेने विचारले.

"त्यांचा आदल्या पाळीपर्यंत."

सून हसली. पोरगी हसली नाही. "तुमचा सव्वीस आहे," ती म्हणाली.

"परवा डावा गुडघा बदललाय. मघाशी संडासापर्यंत चालून आले. सव्वीस होईल नाही तर काय?"

पोरीने चादर बाजूला केली, खिशातून मोजपट्टी काढली आणि पोटरीभोवती गुंडाळली.

"अगं, शस्त्रक्रिया डाव्या पायाची आहे. उजवा काय मोजतेस?"

"म्हणूनच. डावा सुजणारच होता. उजव्याला सुजायचं काही कारण नाही."

तिने आकडे कागदावर उतरवले आणि दाराजवळच्या फोनकडे वळली. मॅट्रनबाई ताठ झाल्या. "डॉक्टरांना लावतेस? आत्ता त्यांच्या दारात ही रांग असेल. नोकरीला तीन आठवडे झाले नाहीत तुला. असल्या फोनापायी चांगल्या चांगल्या सिस्टरना रडताना पाहिलंय मी."

"मी नंतर रडेन, आजी."

फोनवर पलीकडून काय आले असेल, ते मॅट्रनबाईंना न ऐकताही पाठ होते. दुखत असेल, गोळी द्या, संध्याकाळी बघू. पोरीचा आवाज मात्र चढला नाही की उतरला नाही.

"दुखणं कमी आहे, सर. श्वास सव्वीस, नाडी एकशेबारा. ऑक्सिजन सकाळी शहाण्णव होता, आता एक्क्याण्णव आहे. ज्या पायाला हात लावलेला नाही, त्याची पोटरी शस्त्रक्रियेआधीच्या मापापेक्षा तीन सेंटिमीटरनं सुजलीय. रक्ताची गाठ सरकून छातीत गेली असावी, अशी मला शंका आहे." ती थांबली. "नाही सर, गोळी देऊन थांबणं मला बरोबर वाटत नाही. तुम्हाला जमत नसेल, तर मी मोठ्या डॉक्टरांना कळवते."

हे शेवटचे वाक्य नोकरीत असताना एकदा मॅट्रनबाईंच्याही ओठांवर आले होते. एका रुग्णाचे लक्षण ठीक नाही, हे त्यांना खाटेशी उभ्या उभ्या दिसले होते. पण का ठीक नाही, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा सांगता आले नव्हते. 'बरं दिसत नाही, साहेब,' एवढेच म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. पाळी संपायच्या आत ती खाट रिकामी झाली होती.

त्यांनी सुनेला जवळ बोलावून तिचा हात धरला.

डॉक्टर दहा मिनिटांत आले, आले ते कपाळाला आठ्या घालूनच. उजवा पाय पाहिला आणि आठ्या गेल्या. तासाभरात तपासणी होऊन गाठ सापडली. फुप्फुसात, अजून लहान होती तेव्हाच. रक्त पातळ करणारे औषध थेंब थेंब सुरू झाले. रात्री मॅट्रनबाईंना गाढ झोप लागली.

सकाळी चहाचा कप हातात देताना सुनेला राहवले नाही. "आई, नव्या भरतीला पदवीच हवी, असं ठरलं, तेव्हा भर बैठकीत आडवं कोण आलं होतं?"

"मी."

"मग?"

"मग काय? हरले. हरले, म्हणून आज तुझ्या डोक्यावर बसलेय."

बाहेर पाळी बदलल्याची गडबड सुरू झाली होती. मॅट्रनबाईंनी कप खाली ठेवला, नाकाजवळची नळी सरळ केली आणि पदर सारखा केला.

"पलंगाची पाठ वर कर. आणि तो कंगवा दे."

"डॉक्टर येताहेत का?"

"डॉक्टरांना अजून तास आहे," मॅट्रनबाई म्हणाल्या. "सिस्टर येताहेत."