पकड

“बुवा, चारही चाकांना ताकद आहे. बर्फाला कोण भितं!” मिनियापोलिसच्या पांढऱ्या रस्त्यावर हेरंब कीर्तनकारबुवांपुढे नव्या गाडीच्या बढाया मारत होता. मंदिरात दोनशे माणसं खोळंबली होती. चढ गाडीने सपासप काढला. उतारावर मात्र ब्रेक दाबला तरी ती घसरतच गेली आणि मंदिरासमोरच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

“टायर कुठले?” बुवांनी पगडी सावरत विचारलं.

“उन्हाळी,” हेरंब पुटपुटला.

कीर्तनात बुवा म्हणाले, “मंडळी, चालायला ताकद पुरते, थांबायला पकड लागते. संसारात ती नामाची आणि बर्फात टायरची! विचारा आमच्या सारथ्याला.” हशा पिकला. हेरंबने मान खाली घातली.

आरतीनंतर बुवांनी गळ्यातला जाडजूड हार त्याला घातला. “घ्या यजमान, एक टायर झाला. उरलेले तीन उद्या बसवा!”