शुद्धलेखन

जार भरायचं काम थांबवून विकीशेठने चारही बायकांना टेबलाशी बोलावलं आणि प्रत्येकीपुढे कोरा कागद ठेवला.

"लिहा. पाणी साफ नाही."

"शाळा काढली काय शेठ?" जागृती म्हणाली. कुणी हसलं नाही.

तीन आठवडे फिल्टर बंद होता. बोअरचं पाणी तसंच जारमध्ये भरून आगाशी-विरारच्या घरोघरी जात होतं. कुणीतरी निनावी तक्रार केली होती आणि ती जिथे पोचली तिथल्याच कुणीतरी तिचा फोटो शेठला पाठवला होता. अक्षरावरून काही कळत नव्हतं. चौघीही बचत गटाच्या एकाच वर्गात लिहायला शिकलेल्या. सगळ्यांचं अक्षर गोल आणि सुटं. पण तक्रारीत 'पाणी'च्या जागी तीनदा 'पानी' लिहिलं होतं.

तक्रार सत्यवतीची होती. वर्गातल्या ताई याच शब्दाखाली लाल रेघ मारायच्या, हे तिला आठवलं. समोरच्या जारवरच्या लेबलाकडे बघून तिने तो शब्द उतरवून काढला. तिच्याच गावची, अर्नाळ्याची तेरेसा इकडेतिकडे न बघता लिहून मोकळी झाली.

शेठने कागद चाळले. तेरेसाचा बाजूला ठेवला आणि तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तेरेसाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा, आपण कसली तक्रार केली नाही, असं ती दोनदा म्हणाली.

"आमी पानीच म्हनतो शेठ. माझी आय पन पानीच म्हनायची."

शेठने तिला ॲप्रन काढून ठेवायला सांगितला.

तेरेसा पाठीमागची गाठ सोडू लागली. ती सुटेना. सत्यवतीने हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. सत्यवतीचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर होता. घरात दुसरा पगार नव्हता.

थोड्या वेळाने तिने टेबलावरचा आपला कागद ओढला. लिहिलेल्यावर रेघ मारली, खाली एकच शब्द लिहिला आणि कागद शेठपुढे सरकवला.

शेठने वाचला. त्याने तेरेसाचा कागद शेजारी धरून पाहिला.

"मग मघाशी करेक्ट कसं लिहिलंस?"

सत्यवतीने आपल्या ॲप्रनची गाठ सोडली.

"घाबरून लिवलं शेठ," ती म्हणाली. "म्हनून शुद्ध झालं."