जावयाची चौकशी

निहारिकाने अमेरिकेतल्या उन्मेषशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा सिंगापूरमधल्या क्लेमेंटी भागातल्या तिच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या वृंदाताईंनी, म्हणजे तिच्या आईने, एकच हट्ट धरला. "त्याच्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, कुणाला कधी अटक झाली, हे अर्ज केला की कुणालाही कळतं म्हणे. मी विचारणार." लेक नको नको म्हणत असतानाच त्यांनी तिथल्या पोलिसांना ईमेल धाडलासुद्धा.

आठवड्याने उत्तर आलं. उन्मेषला एकदा अटक झाली होती.

 निहारिकाने आईसमोरच त्याला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "हो, कॉलेजात असताना. रस्त्यासाठी जुनी झाडं तोडत होते, आम्ही मशीनसमोर आडवे झोपलो. तुला आधीच सांगायला हवं होतं. आई फार चिडल्यात का?"

निहारिकाने भीतभीत मागे वळून पाहिलं. वृंदाताई खिडकीपाशी जाऊन पुण्याला, नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या.

 

"अहो, ऐकलंत का? जावई थेट तुमच्यावर गेलाय. तोही झाडांपायी कोठडीची हवा खाऊन आलाय."