सत्त्याण्णवावी फेरी

“रडायचंय ना? मग पळता पळता रड, चिमणे!” लहानपणी मी पडले की बाबा शिलाई मशीनवरून ओरडायचे. या महिन्यात तळ्याभोवती शंभर फेऱ्या, शंभर किलोमीटर पळायचं ठरवलं होतं. तापाने आठवडा खाल्ला, मुरगळलेल्या घोट्याने चार दिवस. आज शेवटची सकाळ. तळ्यावर धुक्याची मलमल पसरलेली, बदकं तिला टाके घालत चाललेली. तीन फेऱ्या उरल्या असताना मी बाबांच्या व्हीलचेअरपुढे मटकन बसले. “बाबा, नाही जमत.” “अगं, शंभर किलोमीटर कधीच झाले. माझे पाय धड होते तेव्हा फेरी मीच शिवणकामाच्या टेपने मोजलेली. नंतर कळलं, टेप ताणलेली. फेरी किलोमीटरपेक्षा जास्तच भरते.” “आजवर गप्प का बसलात?” बाबांनी लुळ्या गुडघ्यांवरून हात फिरवला. “सांगितलं असतं तर थांबली असतीस. तू पळतेस ना पोरी, तेव्हा माझ्या तळव्यांना मुंग्या येतात.”